वाजेनाशा झालेल्या रेकॉर्डपासून घरात वापरायच्या वस्तू : सविस्तर कृती

पेठेतला वाडा पाडायला काढला किंवा सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली, की माळ्यावरच्या सामानात रेकॉर्डचा एखादा तरी गठ्ठा निघतो. प्लेअर कधीच मोडीत गेलेला असतो, कव्हरं वाळवीने खाल्लेली असतात, काही रेकॉर्ड वाकलेल्या, काही तडकलेल्या. रद्दीवाला नेत नाही आणि टाकवतही नाहीत. अशा रेकॉर्डपासून घड्याळ, वाडगा, पुस्तकांचा आधार अशा वस्तू घरच्या घरी करता येतात. त्यासाठी मोठी हत्यारं लागत नाहीत. गरम पाणी, एक मोठी परात आणि जरा धीर लागतो.

दोन गोष्टी मी कधीच सोडत नाही. वाजू शकणाऱ्या रेकॉर्डला हात लावायचा नाही. आणि केलेली वस्तू रोज वापरात आली पाहिजे, नुसती भिंतीवर धूळ खात राहायला नको. पुढची सगळी कृती या दोन गोष्टींना धरून आहे.

आधी तपासा, मग ठरवा

धूळ आणि बुरशी म्हणजे बिघाड नव्हे. पुण्यातल्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या रेकॉर्डवर पांढरट ठिपके येतात, ते बहुतेक वेळा बुरशीचे असतात आणि धुतल्यावर जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका, मऊ मायक्रोफायबर कापड ओलं करा आणि खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल पुसा. आडवं घासायचं नाही. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून सावलीत उभी करून वाळवा.

वाळल्यावर ट्यूबलाइटखाली तिरपी धरून पाहा. केसासारखे बारीक चरे दिसले तरी घाबरायचं कारण नाही, अशा रेकॉर्ड थोडी खरखर करत वाजतात. चऱ्यावरून नख हलकेच फिरवा. नख अडकलं तर पिन तिथे उडी मारणार किंवा एकाच जागी फिरत बसणार. काठापासून आत खाचांमध्ये गेलेला तडा असेल, तर ती रेकॉर्ड प्लेअरवर ठेवूच नका, पिन तुटते. उन्हाने काठ लाटेसारखा वरखाली झाला असेल, तर तीही गेली. मात्र हलकासा बाक आलेली रेकॉर्ड पुष्कळदा नीट वाजते. आणखी एक प्रकार डोळ्यांना लवकर कळत नाही: ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या) जुन्या तबकड्यांच्या जाड पिनने वर्षानुवर्षं वाजवलेली एलपी, म्हणजे १२ इंची प्लास्टिकची रेकॉर्ड. तिच्या खाचा काळ्याभोर न दिसता करड्या दिसतात आणि वाजवल्यावर फक्त फरफर येते.

शंका असेल तर ज्यांच्याकडे प्लेअर आहे त्यांच्याकडे एकदा लावून बघा. पुण्यात असे शौकीन शोधायला फार लांब जावं लागत नाही.

रेकॉर्ड खरोखर मेलेली आहे असं ठरलं, तरी कापण्याआधी पाच मिनिटं द्या. दोन्ही बाजूंच्या लेबलचे स्वच्छ फोटो काढा, कॅटलॉग नंबर लिहून ठेवा. खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं, त्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात बारीक कोरलेला एक आकडा असतो. तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ती तबकडी कोणत्या साच्यातून आली त्याची खूण. तोही टिपा. जुनं नाट्यसंगीत, कीर्तन, भाषण किंवा अनोळखी छोट्या कंपनीची रेकॉर्ड असेल, तर हा टप्पा अजिबात टाळू नका. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स याच कामासाठी आहे. आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातही, जे १९६४ मध्ये स्थापन झालं, चित्रपटांबरोबर रेकॉर्डचा संग्रह आहे. दुर्मीळ वाटणारी रेकॉर्ड तडकलेली असली तरी आधी जाणकाराला दाखवा.

७८ च्या तबकड्या यात धरू नका

माळ्यावरच्या गठ्ठ्यात दोन अगदी वेगळे पदार्थ असतात आणि नवखा माणूस इथेच फसतो. १० इंची, जड, ७८ आरपीएम लिहिलेल्या तबकड्या लाखेच्या असतात. लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी घालून त्या दाबत. विनाइलची, म्हणजे प्लास्टिकची, ३३⅓ आरपीएमची एलपी अमेरिकेत १९४८ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी ७ इंची, ४५ आरपीएमची रेकॉर्ड. पण आपल्याकडे लाखेच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिल्या. म्हणून मराठी घरांत दोन्ही सापडतात.

ओळखायला सोपं आहे. बोटाच्या नखाने काठावर टिचकी मारा. लाखेची तबकडी टणक वाजते, विनाइलचा आवाज बसका येतो. विनाइल दोन्ही हातांनी धरून अगदी हलकं वाकवलं तर किंचित लवतं, लाख लवत नाही, काचेसारखी फुटते. तिला तापवून आकार देणं जमत नाही, करवत लावली की भयंकर धूळ उडते, आणि स्पिरिटने पुसलं तर वरचा थर विरघळतो. पुढचं सगळं फक्त विनाइलसाठी आहे.

सामान आणि ते कुठे मिळतं

घरातल्या रेकॉर्ड नसतील तर पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार गाठा. तिथे विक्रेत्याला सरळ विचारावं, "मामा, तडा गेलेल्या, कव्हर नसलेल्या वेगळ्या काढल्यात का?" चांगल्या रेकॉर्डच्या गठ्ठ्यात हात घालून त्यातल्या स्वस्त दिसणाऱ्या उचलू नका, त्या एखाद्या वाजवणाऱ्याच्या नशिबात असू द्या.

घड्याळाचं मशीन आणि काटे घड्याळदुरुस्तीच्या दुकानात किंवा हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. कानस, पॉलिश पेपर, फ्रेटसॉ (बारीक पात्याची हातकरवत), पीव्हीसी पाइपचं सोल्युशन हे बोहरी आळीत एका फेरीत होतं. एलईडीच्या माळा, होल्डर, वायर हवी तर तपकीर गल्ली. रंग, वार्निश, पेंट मार्कर अप्पा बळवंत चौकात. स्वयंपाकघरातून मोठी परात, दोन झारे, एक-दोन स्टीलचे डबे लागतील. परात आणि डबे याच कामाला कायमचे बाजूला काढा, त्यात पुन्हा कणीक मळायची नाही.

हातमोज्यांबद्दल नीट वाचा. आत पातळ सुती मोजे, वरून भांडी घासायचे रबरी मोजे, असे दोन्ही घाला. नुसते सुती मोजे गरम पाण्याने भिजले की चटका धरून ठेवतात, तो उघड्या हाताला बसणाऱ्या चटक्यापेक्षा वाईट.

उष्णतेची समज

विनाइलची रेकॉर्ड पीव्हीसी या प्लास्टिकची असते. ती साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसपासून मऊ व्हायला लागते, ८०-९० ला हातात कापडासारखी लोंबते. आणखी बरीच तापली, १६० च्या पुढे गेली, की पीव्हीसी नुसती वितळत नाही, तिचं विघटन सुरू होतं आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. ती डोळ्यांना आणि श्वासाला घातक असते. म्हणून गॅसच्या ज्योतीवर, मेणबत्तीवर, तव्यावर किंवा निखाऱ्यावर रेकॉर्ड कधीही धरायची नाही. लेझर कटिंगवाल्याकडेही ती नेऊ नका. त्या उष्णतेत हीच वाफ निघते आणि त्याचं मशीनही गंजतं.

बऱ्याच जणांच्या डोक्यात यासाठी ओव्हन असतो. माझं मत स्पष्ट आहे: पुण्यातल्या घरात गरम पाणी जास्त चांगलं. पहिलं कारण जागेचं. एलपीचा व्यास ३० सेंटिमीटर असतो, घरगुती ओटीजीची आतली रुंदी आणि खोली दोन्ही त्याहून मोठी असेलच असं नाही. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि कितीही जाळ लावला तरी त्याच्यावर जात नाही. रेकॉर्ड मऊ व्हायला तेवढं पुरेसं आहे, आणि ती जळण्याच्या जवळपासही पोचत नाही. ओव्हनच्या बटणावर लिहिलेले अंश मात्र खरे असतीलच याची खात्री नसते.

ओटीजीच वापरायचा असेल, तर फक्त खालचा रॉड चालू ठेवा. वरचा लालभडक रॉड काळ्या रेकॉर्डला थेट भाजतो. १०० अंश, काचेतून सतत नजर, दोन ते चार मिनिटं. खिडकी उघडी, आणि त्या वेळी आत खाण्याचा कोणताही पदार्थ नको. मायक्रोवेव्हमध्ये रेकॉर्ड घालू नका.

वाडगा

सुरुवात ७ इंची छोट्या रेकॉर्डने (ईपीने) करा. ती छोट्या परातीत मावते, बिघडली तरी हळहळ कमी आणि हाताला सवय होते. मग एलपी घ्या.

लेबल जपायचं असेल तर आदल्या दिवशी दोन्ही बाजूंच्या लेबलवर पारदर्शक ॲक्रिलिक वार्निशचे दोन पातळ हात मारा, मधल्या भोकाच्या कडेलाही लावा, आणि रात्रभर वाळू द्या. लेबल रेकॉर्ड दाबतानाच आत बसवलेलं असतं, ते सुटून येत नाही, पण कागद पाण्याने फुगतो आणि शाई पसरते.

एलपीसाठी परात ३८-४० सेंटिमीटरची हवी. ती बाथरूममध्ये किंवा मोरीत जमिनीवर ठेवा, ओट्यावर नको. लहान मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत पाठवा. सहा-सात लिटर पाणी उकळायला ठेवा. थंड परातीत एकदम ओतलं तर पाण्याची बरीच उष्णता धातूच खाऊन टाकतो. म्हणून आधी थोडं उकळतं पाणी ओतून परात गरम करून घ्या, ते पाणी टाकून द्या, आणि मग उरलेलं सगळं ओता. शेजारी एक स्टीलचा डबा पालथा घालून ठेवा, तळ १२ ते १५ सेंटिमीटर रुंदीचा, उंची हातभर नको, वीतभर पुरे. डबा कोरडा असू द्या.

रेकॉर्ड पाण्यात आडवी सोडा आणि झाऱ्याने हलकेच खाली दाबून धरा. अर्ध्या मिनिटात काठ सैल पडायला लागतो. झाऱ्याने काठ उचलून पाहा. सगळीकडून सारखाच लवत असेल तर झालं. एक बाजू ताठ असेल तर ती बाजू पाण्यात आणखी थोडा वेळ धरा. दोन्ही बाजूंनी एकेक झारा खाली घालून रेकॉर्ड सपाट उचला, पाणी निथळू द्या आणि तिचं भोक डब्याच्या तळाच्या मध्यावर येईल अशी ठेवा.

आता हाताशी पंधरा-वीस सेकंद आहेत. काय होणार आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे गडबड होत नाही. ३० सेंटिमीटरच्या रेकॉर्डचा परीघ जवळजवळ ९४ सेंटिमीटर असतो. वाडग्याचं तोंड २० सेंटिमीटरचं केलं तर त्याचा परीघ ६३ सेंटिमीटरच भरतो. वरचे ३१ सेंटिमीटर कुठे तरी जायला हवेत, म्हणून चुण्या पडणारच. त्या आपोआप पडू दिल्या तर एका बाजूला मोठी घडी आणि दुसरी बाजू सपाट असा वेडावाकडा आकार होतो. म्हणून चुण्या आपण पाडायच्या. आधी समोरासमोरच्या दोन बाजू एकदम खाली दाबा, मग काटकोनातल्या दोन. चार पाकळ्या झाल्या. आता मधल्या चार फुगवट्यांना बोटांनी चिमटीत धरून बाहेर ओढा, मोदकाच्या कळ्या काढतो तसं, अंतर सारखं ठेवून. आठ कळ्यांचा वाडगा फार देखणा होतो आणि सरळ बसतो.

आकार पसंत पडला की तसाच धरून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी वरून गार पाणी ओतायला सांगा. लगेच कडक होतो. नाही आवडला तर परत गरम पाण्यात सोडा. विनाइल पुन्हा पसरतं आणि जवळजवळ सपाट होतं. नव्याने आकार देता येतो, पण असं फार वेळा करू नका, काठ पातळ होतात आणि लेबल खराब होतं.

गुळगुळीत, कमी चुण्यांचा आकार हवा असेल तर दोन पातेली घ्या, एकात एक सैल बसणारी. मऊ रेकॉर्ड मोठ्या पातेल्याच्या तोंडावर ठेवा आणि लहान पातेलं सावकाश आत दाबा. वाडगा उथळ ठेवलात, दोन-तीन इंचांचा, तर चुण्या जवळपास दिसत नाहीत. दाराजवळच्या टेबलावर किल्ल्या, चष्मा, सुटे पैसे ठेवायला हा उथळ वाडगा मला सगळ्यात उपयोगी वाटतो.

यात खायचं काही ठेवायचं नाही. फळं नकोत, शेंगदाणे नकोत, प्रसाद तर मुळीच नको. जुन्या पीव्हीसीत शिसं किंवा इतर जड धातूंची संयुगं असू शकतात, आणि खाचांत अडकलेलं कधी पूर्ण धुतलं जात नाही. कुणाला भेट देणार असाल तर हे त्यांना सांगा.

मधल्या भोकामुळे हा वाडगा कुंडीसारखा वापरता येतो, पाणी निचरतं. खाली बशी ठेवा. मनीप्लांट, स्नेक प्लांट अशी सावलीतली रोपं लावा. कोथिंबीर, पुदिना, तुळस नको. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर काळी कुंडी ठेवली तर ती बसकण मारते. घराच्या आत किंवा उत्तरेच्या बाल्कनीत ठीक राहते.

पुस्तकांचा आधार

ही वस्तू करायला सोपी आहे आणि ज्यांच्या फळीवर पुस्तकं आडवी पडतात त्यांना रोज उपयोगी पडते. दोन एलपी लागतात.

लेबलचा व्यास १० सेंटिमीटर असतो, म्हणून काठापासून ९ सेंटिमीटरवर घडी घ्या. तेव्हा लेबल उभ्या भागात अखंड राहतं आणि पुस्तकांखाली जायला पुरेसा तळ मिळतो. घडीची रेघ मास्किंग टेपने आखा. काटकोनी कडेची एक जाड फळी मोरीच्या कट्ट्यावर ठेवा, टेपची रेघ बरोबर फळीच्या कडेवर आणा, ९ सेंटिमीटरचा भाग बाहेर लोंबता ठेवा. वरच्या भागावर दुसरी फळी आणि वजन ठेवा, म्हणजे लेबलही झाकलं जातं. रेघेवर जुन्या सुती कापडाची चार पदरी पट्टी ठेवा आणि किटलीतून उकळतं पाणी तिच्यावर सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओतत राहा. कापड उष्णता धरून ठेवतं आणि फक्त तेवढीच रेघ मऊ होते, बाकीची रेकॉर्ड सपाट राहते. बाहेरचा भाग वाकायला लागला की मोजे घातलेल्या हाताने तो फळीच्या कडेला दाबून काटकोन करा, गार पाणी ओता, आणि दोन मिनिटं तसाच राहू द्या.

कोन काटकोनापेक्षा अगदी किंचित कमी, आतल्या बाजूला झुकलेला ठेवा. पुस्तकांच्या दाबाने तो थोडा उघडतो आणि बरोबर ९० वर येतो. तळाला खालून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की घसरत नाही. कथा-कादंबऱ्यांना हा आधार छान पेलतो. शब्दकोश आणि विश्वकोशाच्या खंडांना लोखंडीच लागतो.

घड्याळ

इथे उष्णता अजिबात नको, म्हणून शाळकरी मुलांबरोबरही करता येतं. रेकॉर्ड वाकलेली असेल तर आधी गरम पाण्यातून काढून दोन सपाट प्लायवूडच्या तुकड्यांमध्ये वजनाखाली गार होऊ द्या. हे काम मोठ्यांनी करावं.

मशीन घेताना बिनआवाजाचं मागा, ज्यात सेकंदकाटा टिकटिक न करता सरकत फिरतो. झोपायच्या खोलीत फरक पडतो. दांड्याचा आट्यांचा भाग पाच-सहा मिलिमीटर लांब असला तर पुरतो, कारण रेकॉर्ड दोन-तीन मिलिमीटरचीच असते. फार लांब दांडा पुढे विचित्र दिसतो. मिनिटकाटा १० ते ११ सेंटिमीटरचा, ॲल्युमिनियमचा, हलका घ्या. जड काट्यांनी साधं मशीन मागे पडायला लागतं.

रेकॉर्डचं भोक सात मिलिमीटरच्या थोडं वर असतं आणि मशीनचा आट्यांचा दांडा बहुधा आठचा. हा एक मिलिमीटरचा फरक ड्रिलने काढायला जाऊ नका. पातं विनाइलमध्ये एकदम रुततं आणि भोकापासून तडा जातो. गोल कानस घ्या, भोकात घालून हलक्या हाताने फिरवत राहा, दर थोड्या वेळाने रेकॉर्ड पाव फेरी वळवा. दांडा घट्ट, पण जोर न लावता आत गेला की थांबा.

आकड्यांच्या जागा डोळ्यांनी ठरवल्या तर चुकतात. शाळेतला कंपास काढा. जाड कागदावर १५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, आणि कंपासचं अंतर न बदलता त्याच वर्तुळावर एकामागून एक खुणा करत जा. बरोबर सहा खुणांत तुम्ही सुरुवातीच्या बिंदूवर परत येता. दोन-दोन खुणांच्या मधोमध आणखी एक खूण केली की बारा जागा मिळाल्या. कागद कापून रेकॉर्डवर ठेवा, भोक भोकावर जुळवा आणि काठावर टेपच्या बारीक तुकड्यांनी खुणा उतरवा.

आकड्यांसाठी ब्रशने रंग लावला तर तो खाचांमधून पुढे पसरतो आणि कड फाटते. पेंट मार्कर चालतो, जुन्या शर्टांची बटणं चिकटवली तर त्याहून सुबक दिसतात. बारा, तीन, सहा, नऊला मोठी बटणं आणि बाकी लहान. आजोबांच्या कोटाची बटणं घरात पडून असतील तर यापेक्षा चांगली जागा त्यांना मिळणार नाही.

जोडणी अशी: मागे मशीन, त्यावर हुकाची पट्टी, मग रबरी वॉशर, रेकॉर्ड, पुढून पितळी वॉशर आणि नट. नट बोटांनी घट्ट करून पान्याने फक्त पाव आटा. आता तासकाटा, मिनिटकाटा, सेकंदकाटा या क्रमाने, सगळे १२ वर. सेल घालण्याआधी मागच्या चाकाने काटे पूर्ण बारा तास फिरवून बघा. कुठे एकमेकांना किंवा बटणांना घासत असतील तर काटा किंचित वर वाकवा. मग एए सेल.

एलपीचं वजन १२० ते १४० ग्रॅमच्या आसपास असतं, एक साधा खिळा पुरतो. पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत आणि गॅसच्या वरची भिंत टाळा.

कापून करायच्या वस्तू

कापण्याचे तीन मार्ग आहेत. गरम पाण्यात मऊ करून मोठ्या कात्रीने कापणं जलद, पण कड ओबडधोबड येते. सरळ रेघेसाठी ॲक्रिलिक कटरने पट्टी लावून आठ-दहा वेळा खोल ओरखडा काढा आणि टेबलाच्या कडेवर मोडा. वळणदार आकारासाठी फ्रेटसॉ, आणि तोही सावकाश. भरभर करवत चालवली की पातं तापतं, विनाइल वितळून मागे पुन्हा जुळतं आणि पातं अडकतं. इलेक्ट्रिक जिगसॉने हेच होतं, म्हणून मी हातकरवतच सांगेन. मास्क आणि चष्मा घाला.

कड गुळगुळीत करायला २२० नंबरचा आणि मग ४०० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर घ्या आणि ओल्यानेच घासा. धूळ हवेत जात नाही. घासलेली कड करडी दिसते. खोबरेल तेलाचं बोट फिरवून पुसून टाकलं की काळी होते.

लेबलच्या कडेने १० सेंटिमीटरचं वर्तुळ कापून, खाली कॉर्क लावून, वर वार्निश मारून ग्लासाखाली ठेवायच्या चकत्या होतात. पण त्या थंड पेयांसाठी. उकळत्या चहाचा स्टीलचा पेला ठेवलात तर विनाइल मऊ पडून चिकटेल.

वहीचं कव्हरही चांगलं होतं. एका एलपीत ए५ आकाराचा एक तुकडा बसतो, लेबल मध्ये घेऊन. स्पायरलवाल्याकडे न नेता तीन भोकं पाडून धातूच्या उघडमीट कड्या घाला, म्हणजे पानं बदलता येतात. भोकं पाडताना जागेवर टेप लावा, खाली लाकडाचा तुकडा ठेवा, ड्रिल कमी वेगावर ठेवा आणि दाबू नका.

दिवाळीत यापासून पणत्यांचं ताट किंवा उदबत्तीचं घर करायची इच्छा होईल. करू नका. उघडी ज्योत आणि पीव्हीसी यांचा संबंध येऊ द्यायचा नाही. दिव्याची छत्री करायची असेल तर फक्त एलईडी, आणि बल्ब व विनाइल यांच्यात हाताचा पंजा जाईल एवढी जागा.

चिकटवणं आणि रंगवणं

फेविकॉल विनाइलवर धरत नाही. रेकॉर्डला रेकॉर्ड जोडायची असेल तर प्लंबर वापरतात ते पीव्हीसी सोल्युशन सगळ्यात मजबूत, कारण ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एक करतं. पातळ थर लावा, अर्धा मिनिट दाबून धरा, खिडकी उघडी ठेवा. धातू, बटण, लाकूड चिकटवायला अराल्डाइट. त्याआधी तिथल्या खाचा पॉलिश पेपरने घासून खरखरीत करा आणि स्पिरिटने पुसा. फेविक्विक लगेच धरतं पण धक्क्याने सुटतं. ग्लू गन तात्पुरत्या कामाला ठीक.

रंगाबद्दल माझा आग्रह एवढाच, की रेकॉर्ड पूर्ण रंगवू नका. खाचांवरून प्रकाश सरकताना दिसतो तेच तिचं सौंदर्य आहे, आणि एक जाड रंगाचा थर ते झाकून टाकतो. काठाला सोनेरी रेघ, फार तर एका कोपऱ्यात छोटी नक्षी. रंग टिकायला ती जागा आधी ४०० नंबरच्या पेपरने हलकी घासा.

झालेली वस्तू साफ करायला कोमट पाणी आणि मऊ कापड पुरे. गरम पाण्याने धुतली तर आकार जाईल, हे घरात काम करणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा.

उरलेल्या तुकड्यांचं

कात्रणं बंबात, शेकोटीत किंवा होळीत टाकायची नाहीत. लांब पट्ट्या टोकाला तिरप्या कापून कुंड्यांत रोपांची नावं लिहायला ठेवा, पांढरा पेंट मार्कर त्यावर उठून दिसतो. मूठभर लहान तुकडे एका डब्यात राखून ठेवा, नवीन गोंद किंवा रंग आधी त्यांच्यावर लावून पाहता येतो. बाकीचा चुरा पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमध्ये मिसळू नका, पीव्हीसी त्यांच्या पुनर्वापरात अडथळा ठरते. वेगळ्या पिशवीत भरून वर 'पीव्हीसी' असं लिहा आणि सुक्या कचऱ्याबरोबर 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंच्या हातात द्या. कड धारदार आहे हेही त्यांना सांगा.